पेटीचं वजन, वाटेचा खर्च

पहाटे ५:३०

चहाआधी मोबाइल हातात घेऊन रात्रीत आलेल्या ऑर्डरी बघते. एप्रिल हा आमचा भरीचा महिना. धर्माबादच्या बाजारातून आणलेली लाल मिरची निवडून झालेली असते, तूरडाळ भरडून आलेली असते आणि गच्चीवर कुरडया वाळत असतात. नायगावातल्या आमच्या दुकानातून तिखट, येसर, काळा मसाला, कारळाची चटणी, तूरडाळ आणि कुरडया ऑनलाइन विकल्या जातात. गिऱ्हाईक बहुतेक नांदेड-लातूरकडचंच, पण नोकरीसाठी पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळुरूला गेलेलं. घरची चव मागवणारी ही माणसं आहेत.

आजच्या ऑर्डरींबरोबर दोन निरोप आहेत. पुण्याच्या एक ताई लिहितात, "तिखट घ्यायचंय, पण पोस्टाचा खर्च शेवटी कळतो, तो आधी सांगा." नांदेडचे एक काका विचारतात, "आम्ही पन्नास किलोमीटरवर आहोत, तरी मुंबईइतकाच खर्च का?" दोघांचंही म्हणणं रास्त आहे. नवं आर्थिक वर्ष लागलं आहे आणि कुरिअरवाल्यांनी नवं दरपत्रक दिलं आहे. आता आपलाही दर नव्याने बसवायचा. दिवसभराच्या कामातच हा हिशेब करायचा आणि रात्री दुकानाच्या पानावर लिहून टाकायचा, असं ठरवते.

सकाळी ७:००

दोघी अक्का कामाला येतात. एक तिखट भरते, दुसरी पिशव्यांची तोंडं सीलबंद करते. पहिलं काम वजनाचं. कुरिअरचा दर अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतो. आमच्याशी महाराष्ट्रासाठी ठरलेला दर असा: पहिल्या अर्ध्या किलोला ६० रुपये, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ४०.

आता अर्धा किलो तिखटाची पिशवी घ्या. आत तिखट ५०० ग्रॅम. वर पिशवी, पुठ्ठ्याचा डबा आणि चिकटपट्टी आली की काटा ५०० ओलांडतो. मग ते पार्सल एक किलोचं धरलं जातं आणि ६० ऐवजी १०० रुपये लागतात. पुठ्ठ्याच्या शंभरेक ग्रॅमपायी गिऱ्हाइकाला ४० रुपये जास्त पडतात. तीच पिशवी ४०० ग्रॅमची केली, की डब्यासकट सगळं अर्ध्या किलोत बसतं.

"अक्का, आजपासून तिखट चारशेचं भरायचं."

"चारशेचं? लोकांना पाव नाहीतर अर्धा किलो कळतो, ताई."

"पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहू. किलोमागं भाव तोच ठेवू, म्हणजे कुणाला फसल्यासारखं वाटणार नाही."

वाहतुकीच्या खर्चाचा विचार दर लिहिताना सुरू करून चालत नाही. तो पिशवीच्या मापापासून सुरू होतो. माप चुकीचं असेल, तर पुढे कितीही हुशारीने दर लावला तरी कुणाच्या तरी खिशातून ते ४० रुपये जातातच.

सकाळी ९:३०

आता कुरडया. वजनाने हलक्या, पण जागा खाणाऱ्या आणि धक्का लागला की चुरा होणाऱ्या. पाऊण किलो कुरडयांना ३० सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि २० उंच असा डबा लागतो. कुरिअरवाले काट्यावरचं वजन आणि डब्याच्या आकारावरून काढलेलं वजन, या दोन्हींतलं जे जास्त ते धरतात. त्याची रीत सोपी आहे: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. आमच्या डब्याचा गुणाकार १५,००० येतो, म्हणजे तीन किलो. काट्यावर कुरडया पाऊण किलो, बिलावर तीन किलो. ६० अधिक पाच वेळा ४०, एकूण २६० रुपये.

ही लबाडी नाही. गाडीत जागा मोजकीच असते. हलका माल जागा भरून टाकतो तेव्हा दुसऱ्याचा जड माल मागे राहतो, त्याची भरपाई त्यांना हवीच. पण कुरडयांचा भाव आणि त्यांच्या वाटेचा खर्च एकमेकांना भिडायला लागला, की गिऱ्हाईक माघार घेतं.

तोडगा अक्काच्या हातांनीच दाखवला. तिने डब्याच्या तळाशी दीड किलो तूरडाळीच्या पिशव्या सपाट बसवल्या, वर कागद अंथरला आणि त्यावर कुरडया रचल्या. काट्यावर पुठ्ठ्यासकट अडीच किलोच्या जरा वर वजन भरलं. आकाराचं वजन तीनच किलो. म्हणजे दीड किलो डाळ त्याच २६० रुपयांत गेली. शिवाय तळ जड झाल्यामुळे डबा सहसा उलटत नाही आणि कुरडयांचा चुरा कमी होतो.

हे दुकानाच्या पानावर लिहायचं: "या पेटीत अजून दीड किलो मावतं, खर्च वाढणार नाही." गिऱ्हाइकाला फुकट काही द्यायची गरज नाही. त्याने भरलेल्या पैशांत किती जागा मिळाली आहे, ते त्याला सांगायला हवं.

सकाळी ११:१५

पेट्या स्कूटीवर बांधून पोस्टात. आमच्या लहान ऑर्डरींतल्या बऱ्याचशा पोस्टाने जातात, कारण खेड्यापर्यंत जाणारी खात्रीची वाट तीच आहे. काउंटरवर रांग आहे, तोवर भिंतीवरचा स्पीड पोस्टचा तक्ता वाचते.

कागदपत्रांच्या स्पीड पोस्टचे १ ऑक्टोबर २०२५ पासूनचे दर विचार करायला लावणारे आहेत. ५० ग्रॅमपर्यंतचं टपाल स्थानिक सोडून देशात कुठेही पाठवा, ४७ रुपयेच. २५१ ते ५०० ग्रॅमला २०० किलोमीटरपर्यंत ७० रुपये आणि २,००० किलोमीटरच्या पुढे ९३. त्यावर कर वेगळा. अंतर दहापटीहून जास्त झालं, तरी दर एक तृतीयांशानेच वाढला. खर्चाचा मोठा वाटा टपाल घेणं, छाटणं, थैलीत भरणं आणि शेवटी दारावर नेऊन देणं यात आहे. मधल्या धावण्यात तो तुलनेने थोडाच.

हा विचार जुना आहे. इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांनी तो मांडला आणि १८४० मध्ये तिथे एक पेनीचं समान टपाल सुरू झालं. आपल्याकडे १८५४ मध्ये पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा असा दर आला, मग पत्र शेजारच्या गावी जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्यावेळी आमचा भाग निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानाचं टपाल वेगळं होतं आणि १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटं होती.

पत्राला समान दर शोभतो, कारण सगळी पत्रं साधारण सारखी. पेटीचं तसं नाही. अर्धा किलो येसर आणि सहा किलो डाळ यांना एकच दर लावला, तर येसरवाला डाळवाल्याची हमाली भरतो. म्हणून आमच्या दरात वजन आधी आणि अंतर नंतर, हे मी रांगेतच पक्कं केलं.

"ताई, आज लईच पेट्या आणल्याव," काउंटरवरचे साहेब म्हणतात आणि एकेक पेटी काट्यावर ठेवतात. प्रत्येक पावतीवरचं वजन मी माझ्या वहीतल्या वजनाशी ताडून घेते. फरक पडला तर तिथेच विचारायचा.

दुपारी १:३०

जेवताना पुतण्या समोर बसतो. दुकानाचं पान त्यानेच उभं केलं आहे.

"काकू, मी म्हणतो सरळ 'फ्री डिलिव्हरी' लिहा. समदे तसंच करायलेत. खर्च किमतीत मिसळा, लोकांना दिसत नाही."

त्याचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. शेवटच्या पानावर अचानक खर्च वाढलेला दिसला, की लोक भरलेली टोपली सोडून जातात. ऑनलाइन खरेदीच्या अभ्यासात हेच कारण पुन्हा पुन्हा पुढे आलं आहे. ॲमेझॉनने २००२ मध्येच अमेरिकेत ठरावीक रकमेवरच्या खरेदीला पोहोच मोफत केली, २००५ मध्ये वर्षाची वर्गणी घेऊन प्राइम आणलं आणि २०१६ मध्ये ते भारतात आलं. त्या सवयीत वाढलेलं गिऱ्हाईक आमच्याकडेही तीच अपेक्षा घेऊन येतं. पण त्यांच्याकडे वर्गणी आहे, विक्रेत्यांकडून मिळणारं शुल्क आहे, जागोजागी गोदामं आहेत. आमच्याकडे मिरची, डाळ आणि दोन अक्कांची मजुरी आहे.

मी वही पुढे ओढते आणि त्याच्यासमोर दोन हिशेब मांडते.

पहिला मिसळलेल्या किमतीचा. ४०० ग्रॅमच्या प्रत्येक पिशवीत ६० रुपये मिसळले. एक पिशवी घेणाऱ्याचा हिशेब बरोबर बसतो. चार पिशव्या घेणारी ताई मात्र चार वेळा ६०, म्हणजे २४० रुपये भरते. तिची पेटी दोन किलोत बसते आणि तिचा खरा खर्च १८०. जास्त माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडूनच आपण ६० रुपये जादा काढले.

दुसरा ठरावीक रकमेवर मोफत देण्याचा. समजा ९०० रुपयांवर पोहोच मोफत केली. ६०० रुपये किलोचा दीड किलो येसर ९०० रुपयांचा. पेटी दोन किलोत बसते, खर्च १८०. १६० रुपये किलोची सहा किलो डाळ ९६० रुपयांची. पेटी साडेसहा किलोची होते, खर्च ५४०. अशा दोन-चार डाळीच्या पेट्या गेल्या, की येसरमधला नफा वाटेतच संपतो. मग तो भरून काढायचा कुठून? मजुरी कमी करून, नाहीतर बाजारात मिरची स्वस्त पाडून घेऊन.

पुतण्या थोडा वेळ आकडे बघत राहतो. "म्हणजे फुकट कुणालाच नसतं."

"कुणीतरी भरतंच. कोण भरतंय हे झाकलं, की ते गरिबाच्या अंगावर पडतं."

दुपारी ३:००

हैदराबादहून फोन. काचीगुडा भागात राहणाऱ्या एक मावशी, मूळच्या देगलूरकडच्या. दरवर्षी येसर आणि कुरडया मागवतात.

"बाई, हैदराबाद तुमच्या जवळ हाय की. पुण्यापेक्षा आमाला जास्त का पडायलंय?"

याचं कारण कुरिअरच्या पट्ट्यांत आहे. शहरात, राज्यात, मोठ्या शहरांमध्ये, उरलेल्या देशात आणि मग ईशान्य भारत व जम्मू-काश्मीर, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी असते. राज्याची सीमा ओलांडली, की दर चढतो. नायगाव अकोला-संगारेड्डी महामार्गावर आहे. नरसी, देगलूर ओलांडलं की तेलंगण. हैदराबाद आमच्यापासून पुण्याच्या साधारण निम्म्या अंतरावर आहे. तरी पट्ट्याच्या हिशेबात पुणे 'आपल्या राज्यातलं' आणि हैदराबाद 'बाहेरचं'. मुंबईच्या दुकानदाराला हे कधी टोचणार नाही. सीमेवरच्या तालुक्याला मात्र रोज टोचतं, कारण १९५६ पर्यंत आम्ही ज्या राज्यात होतो त्याची राजधानीच ती होती आणि नात्यागोत्याची माणसं अजून तिथे आहेत.

पोस्टाचा दर किलोमीटरवर चालतो, सीमेवर नाही. म्हणून तेलंगणातल्या पेट्या पोस्टानेच पाठवायच्या आणि दुकानाचे पट्टे आपले आपण आखायचे. त्यासाठी पिनकोड कामाचा आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत डाक खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी बसवली. पहिले तीन आकडे बघितले, की पेटी कुठल्या बाजूला जाणार ते कळतं. आमच्या नांदेडकडचे ४३१, लातूरचे ४१३, पुण्याचे ४११, मुंबईचे ४००, हैदराबादचे ५००. गिऱ्हाइकाने आधी फक्त पिन टाकावा आणि माल निवडायच्या आधीच त्याला आपला दर दिसावा, एवढं काम पुतण्याला नेमून दिलं.

मावशींना सांगितलं, "पुढच्या पेटीपासून तुम्हाला जवळचा दर लागेल."

दुपारी ४:३०

'पैसे माल मिळाल्यावर' अशा ऑर्डरींची छाननी. ही सोय नवी नाही. भारतीय टपालाची व्ही.पी. १८७७ पासूनची. मराठी मासिकांतल्या जाहिराती वाचून पुस्तकं आणि औषधं व्ही.पी.ने मागवणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या. त्या जाहिरातींत किमतीशेजारी टपालखर्च वेगळा छापलेला असायचा आणि वाचणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नसे.

अडचण परत येणाऱ्या पेटीची आहे. दार बंद, फोन लागत नाही, नाहीतर मन बदललं. अशा पेटीचा जाण्याचा खर्च बुडतो आणि अनेक कुरिअर परतीचाही लावतात. कुरडया असतील तर चुरा परत येतो. हा खर्च सगळ्यांच्या दरात वाटून टाकला, तर आधी पैसे भरणाऱ्याला शिक्षा होते. म्हणून ठरवलं: नव्या गिऱ्हाइकाला पेटी निघण्याआधी फोन करायचा, फोनवर होकार आला तरच पाठवायची. कुरडयांना ही सोय नाही. ज्यांना यूपीआय जमत नाही अशी म्हातारी माणसं फोनवर बोलतात, त्यांच्यासाठी मात्र ती चालू ठेवायची. त्यांच्या पेट्या क्वचितच परत येतात.

जड पेट्यांची गोष्ट वेगळी. दहा किलो डाळ कुरिअरने पाठवणं गिऱ्हाइकाला परवडतच नाही. अशी पेटी नरसीच्या चौकातून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाते आणि घेणाऱ्याने थांब्यावर येऊन न्यायची. गावाकडची माणसं लेकरांना धान्य पाठवतात ते याच वाटेने. पानावर हा तिसरा पर्याय हवा: 'दहा किलोच्या पुढे, थांब्यावरून न्या, ट्रॅव्हल्सचा खर्च जो असेल तो.'

संध्याकाळी ६:००

बिलं आणि कायदा. वाहतुकीचा खर्च वेगळा दाखवला तरी तो करातून सुटत नाही. मालाबरोबर घेतलेल्या वाहतुकीला मुख्य मालाचाच जीएसटीचा दर लागतो. तिखटाला ५ टक्के, तर त्या पेटीच्या वाहतुकीलाही ५ टक्के. ग्राहकाला सांगायचा आकडा हा कर धरूनच सांगायचा, नाहीतर पुन्हा शेवटच्या पानावर वाढ दिसते.

ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियमही सांगतात, की एकूण किंमत एका आकड्यात दाखवा आणि त्यातला माल, पोहोच, टपाल, कर यांचा तपशील द्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला चकवणाऱ्या १३ प्रकारांची यादी आहे. किंमत आधी कमी दाखवून पुढे थेंबाथेंबाने वाढवत नेणं हा त्यातलाच एक. सकाळी पुण्याच्या ताईंनी साध्या शब्दांत मागितलं ते हेच.

एक प्रश्न उरतो, पुठ्ठ्याचा डबा आणि चिकटपट्टी कुणाच्या खात्यात? मी ते मालाच्या किमतीत धरते. माल नीट बांधून देणं हे दुकानदाराचं काम आहे. वाटेचा खर्च म्हणून गिऱ्हाइकाकडून घ्यायचं ते फक्त पोस्टाला किंवा कुरिअरला द्यावं लागतं तेवढंच. त्यात एक रुपयाही नफा नको. नफा मालावर, उघड.

रात्री ८:४५

जेवणं उरकली. पुतण्या टाइप करतो, मी सांगते:

"नायगावात घरपोच, खर्च नाही. दुकानातून नेलं तर खर्च नाही.

पहिला पट्टा: नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली आणि हैदराबादसह जवळचा तेलंगण. पहिला अर्धा किलो ५० रुपये.

दुसरा पट्टा: उरलेला महाराष्ट्र. पहिला अर्धा किलो ६० रुपये.

तिसरा पट्टा: बाकी देश. पहिला अर्धा किलो ८५ रुपये.

पुढचा प्रत्येक अर्धा किलो पहिल्यापेक्षा स्वस्त, म्हणून शेजारीपाजारी मिळून एकच पेटी मागवा. पेटीत किती जागा उरली ते आम्ही दाखवू. आम्ही सांगितल्यापेक्षा खर्च कमी आला, तर उरलेले पैसे परत मिळतील. जास्त आला, तर तो आमचा."

शेवटच्या दोन वाक्यांवर पुतण्या थांबतो. "जास्त आला तर आपला का?"

"वजन आपण केलंय, पेटी आपण बांधलीय. गिऱ्हाइकाला काटा दिसत नाही. त्याला दिसत नाही त्याची जबाबदारी आपली."

परदेशाचा दर लिहिला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने छोट्या पार्सलांची करसवलत काढली, तेव्हा भारतीय टपालाला तिकडची पार्सलं काही आठवडे थांबवावी लागली होती आणि ती ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. जिथे नियमच असे बदलतात, तिथे त्या दिवशी विचारून सांगणं हाच सरळ मार्ग.

हे वाचून काही जण 'फ्री डिलिव्हरी' लिहिलेल्या दुकानाकडे जातील. जाऊ देत. पण चार पिशव्या मागवणारी ताई, देगलूरकडच्या मावशी, पन्नास किलोमीटरवरचे काका यांना आपण दुसऱ्याच्या पेटीचं भाडं भरायला लावणार नाही. मिरची पिकवणाऱ्यालाही ते भरावं लागणार नाही. दर तीन महिन्यांनी वहीतला खर्च आणि पानावरचा दर शेजारी मांडायचे, फरक दिसला तर दर बदलायचा आणि का बदलला ते त्याच पानावर लिहायचं. गावातल्या काउंटरवर आपण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर तागडी धरतो. ऑनलाइन दुकानातही हिशेब तितकाच उघडा असला पाहिजे, दूरच्या माणसाचा आपल्यावर विश्वास बसायला दुसरा आधार नाही.